प्रेक्षक थोडे, खेळाडू फार: अमेरिकेतल्या लहान कॉलेजांचे खेळ

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा पायाच हलला. मोठ्या विद्यापीठांना आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षी मर्यादा होती एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. या बातमीनंतर आपल्याकडच्या अनेक पालकांचा असा समज झाला की अमेरिकेत खेळता आलं की कॉलेज पैसे देऊन बोलावतं.

त्याच अमेरिकेत चारशेहून जास्त कॉलेजं अशी आहेत की खेळ पाहून विद्यार्थ्याला एक डॉलरही द्यायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. तरीही तिथे सुमारे दोन लाख मुलं-मुली कॉलेजच्या संघातून खेळतात. त्यांच्या सामन्यांना टीव्हीचे कॅमेरे नसतात. कधी कधी मैदानाच्या कडेला पालक, मित्र आणि एखाद्या प्राध्यापकाचा कुत्रा एवढेच प्रेक्षक असतात. मग हे सगळं चालतं कशावर? याचं उत्तर शोधताना अमेरिकन शिक्षणाची एक फारशी न दिसणारी बाजू उलगडते, आणि ती सगळीच गोड नाही.

ही कॉलेजं कोणती?

यातली बरीचशी ‘लिबरल आर्ट्स कॉलेजं’ आहेत. म्हणजे प्रामुख्याने पदवीपर्यंतच शिकवणारी, निवासी आणि लहान कॉलेजं. साधारण हजार ते अडीच हजार विद्यार्थी, छोटे वर्ग, आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्यालाही इतिहास किंवा तत्त्वज्ञान घेण्याची मोकळीक. पुष्कळशी गावाबाहेर, काही तर एवढ्या लहान गावात की कॉलेज म्हणजेच गाव. ओहायोतल्या गॅम्बियरमधलं केनियन, मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांतलं विल्यम्स आणि त्याच राज्यातलं अ‍ॅमहर्स्ट, आयोवातलं ग्रिनेल ही त्यातली नावाजलेली नावं.

कॉलेज खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संघटना पाहते. १९७३ मध्ये तिने आपल्या सदस्यांचे तीन विभाग केले. पहिल्या विभागात मोठी विद्यापीठं, टीव्हीचे करार आणि खेळासाठी शिष्यवृत्त्या. दुसऱ्यात थोड्या शिष्यवृत्त्या. तिसऱ्या विभागात, म्हणजे ‘डिव्हिजन थ्री’मध्ये, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. गंमत म्हणजे सदस्यसंख्येने हाच विभाग सगळ्यात मोठा आहे, आणि एनसीएएच्या अंदाजपत्रकातला त्याचा वाटा फक्त ३.१८ टक्के आहे.

नियमाला अपवाद आहेत. उत्तर कॅरोलिनातलं डेव्हिडसन हे दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांचं लिबरल आर्ट्स कॉलेज पहिल्या विभागात खेळतं. बास्केटबॉलपटू स्टीफन करी तिथलाच. २००८ मध्ये त्याच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत मुसंडी मारली तेव्हा कॉलेजच्या विश्वस्तांनी डेट्रॉइटला सामना पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा बसचा, तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च स्वतः उचलला. कॉलेज लहान असलं की असं करता येतं.

उत्साह कुठून येतो?

‘स्कूल स्पिरिट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम येतं: एक लाखाहून जास्त माणसं, सगळी पिवळ्या-निळ्या कपड्यांत. पण तिथे शंभर विद्यार्थ्यांमागे विद्यापीठाच्या संघात असतात फार तर दोन-तीन. बाकीचे पाहतात. विल्यम्समध्ये सुमारे दोन हजार विद्यार्थी आहेत आणि संघ आहेत तीसच्या वर. अशा कॉलेजात साधारण तीन विद्यार्थ्यांतला एक कुठल्या ना कुठल्या संघात असतो. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेली मुलगी रोइंगची, प्रयोगशाळेतला जोडीदार लांब पल्ल्याचा धावपटू.

लालबागच्या राजाला लाखो लोक जातात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेऊन परततात. आपल्या सोसायटीच्या गणपतीला गर्दी नसते, पण वर्गणी आपण गोळा केलेली असते, मखर आपण उभं केलेलं असतं आणि आरतीत झांजा आपल्याच हातात असतात. लहान कॉलेजातला उत्साह हा दुसऱ्या जातीचा आहे. तो करण्यातून येतो. माझ्या मते हे कळलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात.

मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये फुटबॉलचे (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे, या लेखात सगळीकडे तोच) प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी कुणालाच संघातून वगळत नसत. येईल तो संघात. सरावात एकमेकांना जमिनीवर पाडायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, आणि त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं. हे सगळं भोळेपणाचं वाटेल, पण २०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते. कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर कुठल्याही प्रशिक्षकाने एवढे सामने जिंकले नव्हते.

ग्रिनेलच्या बास्केटबॉल संघाचं दुखणं वेगळं होतं. वर्षानुवर्षं हरणारा संघ, आणि बाकावर बसून कंटाळलेली मुलं. प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी उपाय काढला तो असा: पाच खेळाडू जीव तोडून मिनिटभर धावतील, मग पाचही एकदम बदलायचे आणि नवे पाच उतरवायचे. शक्य तितके दूरचे फटके मारायचे. यामुळे पंधरा-वीस मुलांना प्रत्येक सामन्यात खरंखुरं खेळायला मिळू लागलं. याच पद्धतीत २०१२ मध्ये जॅक टेलर या खेळाडूने एका सामन्यात एकट्याने १३८ गुण केले आणि देशभर चर्चा झाली. प्रतिस्पर्धी दुबळा होता, आणि तो विक्रम काहींना पोरखेळ वाटला. त्यांचा आक्षेप मला पटतो. पण पद्धतीमागचा मूळ हेतू त्या एका रात्रीहून मोठा आहे: बाकावर कुणी बसून राहू नये.

जुनी वैरं आणि वेडे रिवाज

१८२१ मध्ये विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे कॉलेज फार आडबाजूला आहे म्हणून सोडून गेले, सोबत काही विद्यार्थीही नेले, आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेज उभं राहिलं. जाताना त्यांनी ग्रंथालयातली पुस्तकंही पळवली अशी दंतकथा विल्यम्समध्ये अजून सांगतात. तिला पुरावा नाही, पण दोनशे वर्षांनीही ती टिकून आहे, यावरूनच हे वैर किती मनापासून जपलं जातं ते दिसतं. १ जुलै १८५९ रोजी पिट्सफिल्ड गावात या दोन कॉलेजांनी अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना खेळला. अ‍ॅमहर्स्टने तो ७३–३२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॉलेजं बुद्धिबळाच्या पटावर बसली, तिथेही अ‍ॅमहर्स्टच जिंकलं. मला हा तपशील फार आवडतो. मैदान आणि पट या दोन्हींकडे कॉलेजची अब्रू सारख्याच ओढीने पणाला लागली होती.

केंटकीतल्या डॅनव्हिलचं सेंटर कॉलेज आणखी छोटं होतं, विद्यार्थी जेमतेम काही शे. २९ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांच्या फुटबॉल संघाने त्या काळच्या बलाढ्य हार्वर्डला ६–० असं हरवलं. विद्यार्थ्यांनी रासायनिक सूत्रासारखं ‘सी-६ एच-०’ असं भिंतीवर रंगवलं. शंभर वर्षं उलटली तरी त्या सूत्राला कॉलेजात मान आहे.

इंडियानातल्या टेलर युनिव्हर्सिटीत, जी एनसीएएत नाही तर दुसऱ्या एका संघटनेत खेळते, डिसेंबरच्या परीक्षांआधी एक बास्केटबॉल सामना होतो. सगळं प्रेक्षागृह चित्रविचित्र वेशभूषा करून गच्च भरतं आणि पूर्ण शांत बसतं. टेलरचा दहावा गुण झाला की एकदम स्फोट व्हावा तसा जल्लोष. सामना संपताना सगळे हातात हात घालून नाताळचं गाणं म्हणतात.

चिन्हांवरून वादही होतात, आणि तेही याच जिव्हाळ्यातून. अ‍ॅमहर्स्टचे खेळाडू पूर्वी ‘लॉर्ड जेफ’ म्हणवत, जेफ्री अ‍ॅमहर्स्ट या अठराव्या शतकातल्या इंग्रज सेनानीवरून. मूळ अमेरिकन लोकांमध्ये देवीचा रोग पसरवण्यासाठी संसर्ग झालेली पांघरुणं देण्याच्या कल्पनेला त्याने पत्रांतून पाठिंबा दिला होता. विद्यार्थ्यांच्या आग्रहानंतर २०१६ मध्ये विश्वस्तांनी ते नाव सोडलं आणि पुढच्या वर्षी मॅमथ हे चिन्ह आलं. कॉलेजच्या संग्रहालयात मॅमथचा सांगाडा आहे. काही माजी विद्यार्थी दुखावले. पण आपल्या अंगावरच्या जर्सीवर कुणाचं नाव मिरवायचं हे ठरवण्याचा हक्क ती जर्सी घालणाऱ्यांना असायलाच हवा.

शिष्यवृत्ती नाही, मग खेळून मिळतं काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. उत्तर आहे: प्रवेश.

विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, बोडिन, मिडलबरी अशी अकरा कॉलेजं ‘नेस्कॅक’ नावाच्या गटात खेळतात. यातल्या अनेक ठिकाणी शंभर अर्जांमागे दहा-बारा जणांनाही प्रवेश मिळत नाही. अशा कॉलेजात प्रशिक्षक आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूंची नावं प्रवेश कार्यालयाला देतो. प्रत्येक संघाला अशा शिफारशींचा ठरावीक कोटा असतो, बोलीभाषेत ‘स्लॉट’. मार्क चांगलेच लागतात, पण इतर अर्जदारांइतके अफाट लागतीलच असं नाही. अ‍ॅमहर्स्टने २०१७ च्या सुमारास स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की दर वर्षी साठहून जास्त प्रवेशांत खेळ हा निर्णायक घटक असतो. कॉलेजचा एका वर्षाचा वर्ग असतो जेमतेम पावणेपाचशेचा.

कॉलेज लहान असण्याची दुसरी बाजू इथे दिसते. चाळीस हजारांच्या विद्यापीठात फुटबॉलचे शंभर खेळाडू घेतले तर वर्गाच्या रचनेला धक्काही लागत नाही. पावणेपाचशेच्या वर्गात तीस संघ भरायचे, तर खेळ हाच प्रवेशाचा एक मोठा दरवाजा होतो.

हे न्याय्य आहे का?

मला वाटतं, पूर्ण नाही. स्क्वॉश, लॅक्रोस, रोइंग, गोल्फ हे खेळ अमेरिकेत कुणाची मुलं खेळतात? ज्यांच्या शाळेला मैदान आहे, घरी खासगी प्रशिक्षकाचे पैसे आहेत आणि शनिवारी गाडीने दोनशे मैल नेणारे पालक आहेत. अ‍ॅमहर्स्टच्या त्याच अहवालात हेही होतं की खेळाडूंचा गट बाकी विद्यार्थ्यांपेक्षा कमी वैविध्याचा आहे. त्याआधी २००१ मध्ये प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांनी निवडक कॉलेजांच्या माहितीवरून दाखवलं होतं की भरती केलेल्या खेळाडूंना प्रवेशात ठळक झुकतं माप मिळतं, आणि त्यांच्या आधीच्या गुणांवरून जितकं अपेक्षित असतं तितकं यश ते कॉलेजात मिळवत नाहीत.

समर्थकांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. रोज तीन तास सराव करून रसायनशास्त्राचा प्रबंध वेळेवर देणारा विद्यार्थी काहीतरी वेगळं कमावतो. संघात राहून शिकलेली जबाबदारी परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही. हे खरं आहे. पण हेच नाटकाच्या ग्रुपला किंवा विद्यार्थी वृत्तपत्रालाही लागू पडतं, आणि त्यांना स्लॉट नसतात.

पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोरने डिसेंबर २००० मध्ये हा हिशेब उघडपणे मांडला आणि फुटबॉल संघ बंद केला. सगळे संघ नीट भरायचे तर छोट्याशा वर्गातल्या फार जागा खेळाला जातील, असं विश्वस्तांचं म्हणणं होतं. खेळाडू रडले, माजी विद्यार्थी भडकले. कॉलेजचा आत्मा गेला असं म्हटलं गेलं. २०१९ मध्ये त्याच स्वार्थमोरचा बास्केटबॉल संघ तिसऱ्या विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात होता. म्हणजे एक संघ गेला म्हणून खेळ गेला नाही, हे तरी नक्की.

खेळ आणि कॉलेजची तिजोरी

आतापर्यंत बोललो ती श्रीमंत कॉलेजं. त्यांच्याकडे अर्जांची रीघ असते. बाकीच्या शेकडो लहान कॉलेजांना उलट चिंता आहे: जागा भरायच्या कशा? त्यांचा बहुतेक खर्च विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. विद्यार्थी कमी झाले की दिवे बंद.

इथे खेळाचा हिशेब वेगळाच होतो. समजा फुटबॉल संघ काढला. प्रशिक्षकाचे, साहित्याचे पैसे लागले. पण शंभर मुलं फक्त कॉलेजात खेळायला मिळावं म्हणून आली. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, म्हणजे ती शंभर मुलं फी भरणार, वसतिगृहात राहणार, मेसमध्ये जेवणार. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने २००५ नंतर हाच मार्ग धरला. नवे संघ सुरू केले, मैदानं बांधली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला किती विद्यार्थी आणायचे याचं लक्ष्य दिलं. विद्यार्थीसंख्या झपाट्याने वाढली. मोठी विद्यापीठं खेळाडूवर पैसे खर्च करतात, ही कॉलेजं खेळाडूच्या फीवर तगतात.

हा उपाय प्रत्येक वेळी पुरत नाही. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज १८५६ पासूनचं. त्यांनी २००६ मध्ये खर्चिक पहिला विभाग सोडून तिसऱ्यात यायचं ठरवलं आणि विद्यार्थी वाढावेत म्हणून फुटबॉल संघही सुरू केला. तरी जुनं कर्ज आणि आर्थिक चुकांचं ओझं उतरलं नाही. राज्याकडे मागितलेलं ३ कोटी डॉलरांचं कर्ज मिळालं नाही आणि कॉलेजने जाहीर केलं: ३१ मे २०२४ ला आम्ही बंद होत आहोत.

तेव्हा बेसबॉलचा हंगाम चालू होता. संघ जिंकत राहिला आणि पहिल्या आठांत पोहोचला. ओहायोतल्या ईस्टलेकला राष्ट्रीय स्पर्धेतला त्यांचा पहिला सामना झाला तो नेमका ३१ मे रोजी. तो ते हरले. दुसऱ्या दिवशी, कॉलेज अधिकृतपणे बंद झालेलं असताना, त्यांनी शेवटच्या फटक्यावर होम रन मारून सामना जिंकला. २ जूनला पुन्हा हरले, अवघ्या एका धावेने, आणि संपलं. देशभरातले, त्या कॉलेजशी काही संबंध नसलेले लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. या दीड शतकाच्या संस्थेचं शेवटचं जाहीर काम होतं एक खेळ, आणि तो त्या मुलांनी पूर्ण जीव लावून खेळला. जिथे ना शिष्यवृत्ती, ना करार, ना आता कॉलेज, तिथे ती मुलं कशासाठी खेळत होती, याचं उत्तर कुठल्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

ज्यांना खेळ आवडत नाहीत त्यांचं काय?

काही ठिकाणी खेळाडू आणि बिगर-खेळाडू अशी दरी पडते. खेळाडू एकत्र जेवतात, एकत्र राहतात, आणि तीनपैकी एक विद्यार्थी खेळाडू असला की ती दरी मोठ्या विद्यापीठापेक्षा जास्त जाणवते. अनेक कॉलेजांत हा रोजच्या कुरबुरीचा विषय आहे.

पण आपुलकी फक्त संघांतून येते असंही नाही. विल्यम्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या तीन शुक्रवारांपैकी एका सकाळी अचानक घंटा वाजतात, तास रद्द होतात आणि सगळं कॉलेज डोंगर चढायला निघतं. याला ते ‘माउंटन डे’ म्हणतात, आणि दिवस आधी सांगत नाहीत. मिनेसोटातल्या कार्लटनमध्ये फ्रिस्बीचं वेड एवढं आहे की त्यांचे संघ मोठमोठ्या विद्यापीठांना हरवून राष्ट्रीय विजेते झाले आहेत. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात तर एनसीएएचे संघच नाहीत, तरी तिथल्या विद्यार्थ्यांना आपल्या कॉलेजचा अभिमान कमी नाही.

आपल्या मुलांसाठी याचा अर्थ

दोन धागे आपल्यापर्यंत थेट येतात. पहिला स्क्वॉशचा. या खेळाचा कॉलेज पातळीवरचा कारभार एनसीएएकडे नाही, त्यामुळे लहान कॉलेजं थेट हार्वर्ड-येलशी भिडतात. कनेटिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले. तो संघ जगभरातून आलेल्या मुलांचा होता, आणि मुंबईचा विक्रम मल्होत्रा तिथूनच पुढे व्यावसायिक स्क्वॉशमध्ये आला. दुसरा धागा क्रिकेटचा. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्ड कॉलेजात एकोणिसाव्या शतकापासून क्रिकेट आहे, आणि कॉलेजचा अधिकृत दर्जा असलेला अमेरिकेतला एकमेव क्रिकेट संघ त्यांचाच आहे. ज्याने आयुष्यात कधी बॅट धरली नाही असा अमेरिकन विद्यार्थीही तिथे संघात येऊन शिकतो.

मुलगा किंवा मुलगी खरोखर चांगलं खेळत असेल तर अकरावीतच प्रशिक्षकाला ईमेल करावा: खेळतानाचे व्हिडिओ, स्पर्धांचे निकाल आणि गुणपत्रिका यांसह. प्रशिक्षकाला रस वाटला तर बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात तो कागदपत्रं प्रवेश कार्यालयाकडून तपासून घेतो. पैशांचा विचार मात्र वेगळा करावा. निवडक कॉलेजांचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर किंवा अभ्यासावर, आणि परदेशी विद्यार्थ्यांना मदत देताना बहुतेक कॉलेजं हात आखडता घेतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिनसारखी मोजकीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा २०२१ पासून सगळ्याच कॉलेज खेळाडूंना आहे, पण विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना कामाबद्दलचे कडक नियम आड येतात.

एक गोष्ट मात्र तिसऱ्या विभागात निर्धास्त करणारी आहे. गुडघा दुखावला, मन उडालं, किंवा दुसऱ्या वर्षी नाटकातच जास्त रमायला झालं, तर संघ सोडता येतो. त्यामुळे आर्थिक मदत बंद होत नाही, कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते.